चपट्या नाकाचा वकील

"तुझ्या मामाकडे पग आहे ना रे?"

हॉस्टेलवर हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. नाही हो मंडळी, तो पग नाही, बॉस्टन टेरियर आहे! पण चूक तुमची नाही. 2003 साली हचच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे फिरणारा तो पग आला आणि तेव्हापासून आपल्याकडे चपट्या नाकाचा प्रत्येक कुत्रा हा पगच झाला.

मामाच्या साहेबांची बदली परदेशी झाली आणि त्यांचा हा कुत्रा लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत राहायला आला. अंगावर काळा कोट, छातीवर पांढरा शुभ्र पट्टा. चाळीतल्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं 'वकील'. मूळचं इंग्रजी नाव आता मामालाही आठवत नाही.

थोडा इतिहास. ही जात अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात 1870 च्या सुमारास बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून तयार झाली. 1893 साली अमेरिकन केनेल क्लबने तिला मान्यता दिली. पूर्वज झुंजीचे, पण माणसांनी निवड करता करता झुंजार स्वभाव मागे पडला आणि उरला तो घरगुती, खेळकर प्राणी. वजन साधारण 5 ते 11 किलो, म्हणजे आपल्या बॅगेएवढं. आयुष्य 11 ते 13 वर्षं.

स्वभावाचं म्हणाल तर चाळीला याहून चांगला कुत्रा मिळणार नाही. उगाच भुंकत नाही. लहान मुलांत रमतो. गॅलरीतून जाणारा प्रत्येक माणूस आपल्यालाच भेटायला आलाय अशी त्याची समजूत आहे, त्यामुळे राखणदार म्हणून उपयोग शून्य! हुशार आहे, पण थोडा हट्टी. ओरडलं की रुसून कॉटखाली जातो, गोड बोललं की दोन दिवसांत नवी गोष्ट शिकतो. एकटं राहणं मात्र त्याला जमत नाही. घरातले सगळे सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला येणार असतील, तर अशा घरात हा कुत्रा आणू नये. आणि हो, हवा गिळत असल्यामुळे तो गॅसेसही फार सोडतो. आमच्या रूम नंबर 12 च्या पार्टनरची आठवण येते. असो.

इथपर्यंत सगळं छान. आता गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. रविवार होता, मी मामाकडे गेलो होतो. सकाळी अकरा वाजता मीच वकीलसाहेबांना फिरवायला नेलं. जेमतेम वीस मिनिटं फिरलो असू. परत येताना जिन्याच्या पहिल्या वळणावर तो बसला. जीभ जांभळट झाली, घशातून घोरल्यासारखा आवाज येऊ लागला, डोळे फिरले. मामीने आरडाओरडा न करता बादलीभर पाणी त्याच्या अंगावर ओतलं, शेजारच्या काकांनी टेबलफॅन लावला, मग टॅक्सीत घालून डॉक्टरांकडे पळालो. वाचला. डॉक्टर म्हणाले, "आधी पाणी ओतलंत म्हणून वाचला. पण अकरा वाजता बाहेर नेलाच कशाला?"

मी मेकॅनिकलचा विद्यार्थी, त्या प्रश्नाचं उत्तर मला स्वतःच यायला हवं होतं. बघा.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, म्हणजे तोंडातल्या आणि नाकातल्या ओलसर पृष्ठभागावरून हवा खेळवून पाण्याची वाफ करतो आणि त्यातून उष्णता बाहेर टाकतो. लांब नाकाच्या आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, पृष्ठभाग भरपूर. थोडक्यात, कुत्र्याचं नाक म्हणजे त्याचा कूलिंग टॉवर.

चपट्या नाकाच्या जातीत माणसाने हा टॉवरच छाटून टाकला. हाड आखूड झालं, पण आतला मांसल भाग त्या मानाने कमी झाला नाही. मऊ टाळू घशात लोंबतो, नाकपुड्या अरुंद. फ्लुइड मेकॅनिक्समधलं हेगन-पॉइझ्युलीचं समीकरण आठवा. नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाहाला होणारा विरोध 16 पट होतो. नाक काही गुळगुळीत पाइप नव्हे, पण अंदाज येतो. श्वास ओढायला जास्त जोर लागतो, त्या जोराने आणखी उष्णता तयार होते, घसा सुजतो, वाट आणखी अरुंद होते. दुष्टचक्र!

त्यात आपली मुंबई. नागपूरला 40 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब तापमान 23 च्या आसपास येतं. मुंबईत 33 अंश आणि 75 टक्के असेल तर ते 29 च्या वर जातं. म्हणजे थर्मामीटर कमी दाखवतो, पण वाफ व्हायला हवेत जागाच नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंश असतं. ते 41 च्या वर गेलं की जिवावर बेततं.

त्या दिवसापासून मामाकडे काही नियम झाले. कुणाकडे पग असेल त्यांनाही ते लागू.

फिरणं सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर. रस्त्याला तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघायची. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही. गळ्यात पट्टा न बांधता छातीवरून हार्नेस घालायचा. खाणं मोजून द्यायचं, कारण लठ्ठपणा आला की श्वास आणखी अडतो. चाळीत प्रत्येक घरातून एकेक बिस्किट मिळतं, त्याचा हिशेब कोण ठेवणार? मामीने सरळ दारावर पाटी लावली. कांदा, लसूण, चॉकलेट बंद. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले मनुकेसुद्धा, कारण त्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. डोळे बाहेर आलेले असल्याने ओरखडा लवकर पडतो. डोळा लाल झाला किंवा मिटून घेतला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की त्या पाण्यातून त्याला अजिबात न्यायचं नाही. उंदरांच्या लघवीतून लेप्टो पसरतो, तो कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. त्याची लस मिळते. रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना तर हवाच. गणपतीत ढोल-ताशा सुरू झाला की आतल्या खोलीत पंखा लावून कुणीतरी त्याच्याजवळ बसतं.

आपल्या भागाचं एक भाग्य म्हणजे परळचं बाई साकराबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं हॉस्पिटल. आजी त्याला अजून 'बैलघोडा हॉस्पिटल'च म्हणते. 1874 साली स्थापन झालेली प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था ते चालवते. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच, 1886 पासून. ज्या काळी गिरणगावात माणसांनाच धड जागा नव्हती, त्या काळापासून इथे जनावरांना औषधपाणी मिळतं आहे.

मग असा कुत्रा आणावा का? मला विचाराल तर मुद्दाम विकत आणू नये. नेदरलँड्समध्ये फार आखूड तोंडाच्या कुत्र्यांची पैदास करायलाच कायद्याने बंदी आहे. बॉस्टन टेरियरच्या पिल्लांची डोकी एवढी मोठी की बाळंतपणात अनेकदा सिझेरियन करावं लागतं. आपल्याला गोंडस वाटणारा तो चेहरा त्याला जन्मभर धाप लावतो. पण कुणी सोडून दिलेला, घर शोधणारा असेल तर जरूर आणा, वरचे नियम पाळायची तयारी ठेवून.

नाहीतर आपल्या मेसच्या मागे बसतो तो तांबडा गावठी बघा. लांब नाक, सडसडीत अंग, मे महिन्यातही दुपारभर आरामात. त्याचा कूलिंग टॉवर शाबूत आहे.

वकीलसाहेबांना आता मी फिरवतो तो रात्री साडेआठनंतरच. जिन्याच्या पहिल्या वळणावर तो अजूनही थांबतो आणि मीही त्याच्याबरोबर थांबतो, त्याचा श्वास खाली बसेपर्यंत.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी