पोलीस-नाट्यमालांतील मनोरुग्ण आणि सार्वजनिक सेवांवरील ताण

पोलीस-नाट्यमालेचा विषय गुन्हा व त्याचा तपास हाच असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील अलीकडच्या काही मालिका मात्र या समजुतीत बसत नाहीत. त्यांतील पोलिसाची गाठ गुन्हेगाराइतकीच मनोविकाराने त्रस्त झालेल्या, व्यसनाधीन वा निराधार माणसाशी पडते. हे चित्रण सहानुभूतीचे असले, तरी सेवांच्या दुरवस्थेचे मूळ दाखविण्यास ते कितपत समर्थ ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. इंग्लंड व वेल्समध्ये १९८३ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १३६ अन्वये, घराबाहेर आढळलेल्या व तातडीच्या मदतीची गरज असलेल्या मनोरुग्णाला 'सुरक्षित स्थळी' नेण्याचा अधिकार पोलिसांस दिलेला आहे. अशा व्यक्तीस पूर्वी ७२ तासांपर्यंत ठेवता येत असे. डिसेंबर २०१७ पासून ही मर्यादा सामान्यतः २४ तासांवर आणण्यात आली आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीस या कलमाखाली पोलीस ठाण्यात ठेवण्यास बंदी झाली. तथापि रुग्णालयात जागा नसेल, तर रुग्णाचा ताबा देईपर्यंत पोलिसांना तेथेच तासन् तास थांबून राहावे लागते. कायद्याने दिलेला अधिकार हा अशा रीतीने व्यवहारात प्रतीक्षेचे कर्तव्य होऊन बसतो.

सॅली वेनराइट यांची 'हॅपी व्हॅली' ही मालिका २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या आरंभीच अंगावर पेट्रोल ओतून घेतलेला एक तरुण जाळून घेण्याची धमकी देत असतो. सार्जंट कॅथरीन केवुड त्याच्याशी बोलताना स्वतःच्या कुटुंबाची दुःखेही मोकळेपणाने सांगते. रुग्ण आणि रक्षक यांमधील अंतर येथे कमी होते, हे या प्रसंगाचे बळ होय. परंतु लवकरच कथा एका अपहरणाकडे वळते. या तरुणावर पुढे कोण उपचार करणार, हा प्रश्न कथेच्या मुख्य ओघात राहत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये प्रसारित झालेली 'द रिस्पॉन्डर' ही मालिका एक पाऊल पुढे जाते. तिचे लेखक टोनी शूमाकर हे स्वतः पूर्वी पोलीस होते. लिव्हरपूलमध्ये रात्रपाळी करणारा तिचा नायक ख्रिस कार्सन हा स्वतःच मानसोपचार घेत आहे. सेवेवरील ताण येथे केवळ पार्श्वभूमी न राहता सेवकाच्या मनातील विकाराचे रूप घेतो.

असे असूनही दोन्ही मालिकांस नाट्यरूपाची एक मर्यादा पडते. नाट्याला चेहरा लागतो. रुग्णालयातील खाटांची टंचाई, उपचारांसाठी असलेली प्रतीक्षायादी, कमी झालेले कर्मचारी यांना चेहरा नसतो. शिवाय नाट्य हे काळाची काटछाट करून उभे राहते. कलम १३६ चा खरा अनुभव म्हणजे ती दीर्घ प्रतीक्षा, आणि नेमकी तीच काटछाटीत जाते. परिणामी व्यवस्थेतील उणीव एका व्यक्तीच्या धैर्याच्या वा खचण्याच्या रूपाने दिसते आणि अधिक समंजस पोलीस मिळाला की प्रश्न सुटेल, असा प्रेक्षकाचा ग्रह होऊ शकतो.

हा ग्रह निरुपद्रवी नव्हे. हंबरसाइड पोलिसांनी २०२० मध्ये आरंभिलेल्या योजनेचे सूत्र असे की, गुन्हा किंवा जीवितास तातडीचा गंभीर धोका नसेल, तर मनोरुग्णाकडे पोलिसांनी न जाता आरोग्यसेवेने जावे. जुलै २०२३ मध्ये या सूत्रावर इंग्लंडपुरता राष्ट्रीय करार झाला. पोलीस मागे सरले आणि त्यांच्या जागी आरोग्यसेवा पोहोचली नाही, तर रुग्णाने कोणाकडे पाहावे, ही चिंता मानसिक आरोग्यक्षेत्रातून व्यक्त झाली. पडद्यावरील पोलीस प्रत्येक हाकेला धावून येतो. अशा चित्रावर पोसलेल्या प्रेक्षकाला या वादातील दोन्ही बाजू समजणे कठीण जाते.

म्हणून अशा मालिकांचा अभ्यास करताना पात्रांबद्दलची सहानुभूती मोजून थांबू नये. मदतीची हाक कोणी दिली, कोण आले, वस्तुतः कोणी यावयास हवे होते आणि प्रसंग संपल्यावर रुग्ण कोठे गेला, हे चार प्रश्न प्रत्येक प्रसंगास विचारावेत. पैकी पहिल्या दोहोंची उत्तरे पडद्यावर सहज मिळतात. उरलेल्या दोहोंविषयीचे मौन हीच अभ्यासकाची खरी सामग्री होय.