धूर की धुके?

डोंगरावर धूर दिसला तर तेथे अग्नी असावा, हे अनुमान तर्कशास्त्राच्या वर्गात आपण सर्वांनीच ऐकले आहे. पण जो धूर वाटला ते धुकेच निघाले तर? अशा फसव्या हेतूला आपले नैयायिक हेत्वाभास म्हणतात. त्याचे एक चांगले उदाहरण मला गर्भवतींच्या रक्ततपासणीत सापडले.

गर्भाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता किती, हे अजमावण्यासाठी आईच्या रक्तातील काही द्रव्ये मोजतात. एचसीजी हे त्यांपैकी एक संप्रेरक. ते अपेक्षेहून बरेच अधिक भरले तर शंका वाढते. मात्र यंत्राला संप्रेरक प्रत्यक्ष दिसत नाही. चाचणीत दोन प्रतिपिंडे वापरतात. एक संप्रेरकाला धरून ठेवते, दुसरे त्याला खूण लावते. जितक्या खुणा अधिक, तितके संप्रेरक अधिक, हे झाले यंत्राचे अनुमान!

कोहलर व मिलस्टाइन यांनी १९७५ साली शोधलेल्या पद्धतीने ही प्रतिपिंडे बहुधा उंदराच्या पेशींपासून तयार करतात. काही थोड्या व्यक्तींच्या रक्तात मात्र प्राण्यांच्या प्रतिपिंडांनाच चिकटणारी प्रतिपिंडे असतात. ती चाचणीतील दोहोंना परस्पर जोडतात आणि आकडा उगाच फुगतो. याउलट, केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे अशा काही चाचण्यांत आकडा घटतो. दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते. या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅमही असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याविषयी इशारा दिला होता.

आकडा खोटा असला तरी त्यामुळे होणारी घालमेल खरी असते. पुढची गर्भजल तपासणी करावी, तर तिच्यात गर्भपाताचा थोडा का होईना, धोका आहे. म्हणून आकडा सोनोग्राफीशी जुळत नसेल, तर तो पारखून घेणे इष्ट. नमुना दुप्पट पातळ केल्यावर मोजलेला आकडा निम्मा व्हायला हवा. तसा न झाल्यास काहीतरी घोटाळा आहे असे समजावे. दुसऱ्या पद्धतीनेही तपासणी करता येते.

आपल्या घरची ताई किंवा वहिनी असा कागद हाती घेऊन घाबरून बसली, तर तिला एवढे अवश्य सांगावे : ही चाचणी फक्त शक्यता सांगते, निदान करत नाही. घेत असलेल्या गोळ्या डॉक्टरांना सांग, आणि फेरतपासणीविषयी निःसंकोच विचार.