पाटी काढा, पाटी लावा!

नवीकोरी स्पोर्ट्स कार आणि तिच्या नाकावर भलीमोठी नंबर प्लेट? कॅलिफोर्नियातले कारवेडे यावर गॅरेजमध्येच तोडगा काढतात. बंपरला एकही भोक न पाडता!

साध्या गाडीला ‘पुढची बाजू’ असते, स्पोर्ट्स कारला मात्र चेहरा असतो. विधान जरा आगाऊ वाटेल, पण माझदाची मियाटा एकदा समोरून बघा. बुटकी, दोन सीटची, टपाची उघडझाप करणारी. खाली रुंद हसरं तोंड आणि वर दोन डोळे. १९८९ च्या शिकागो ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि अमेरिका पार फिदा झाली. सर्वाधिक खपाची टू-सीटर स्पोर्ट्स कार म्हणून २००० साली गिनेस बुकात नाव लागलं, २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बनली. आपल्याकडे माझदा अधिकृतपणे गाड्या विकत नाही, त्यामुळे आपण बापडे फोटोंवरच समाधान मानतो.

तर या हसऱ्या तोंडावर बारा इंच बाय सहा इंचाची अॅल्युमिनियमची पाटी ठोका. झालं! हसरं पोर दातांवर पट्टी लावून आल्यासारखं दिसतं.

माझा एक आतेभाऊ सनीव्हेलला असतो. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर, शनिवार-रविवार मियाटा. गाडी घेतली तेव्हा डीलरचा माणूस ड्रिल घेऊनच आला होता म्हणे, पाटीची ब्रॅकेट बसवायला. यानं त्याला हातानंच थांबवलं. “अगं, घरात खिळा ठोकायचा तर आई दहा वेळा विचार करते. इथे तर आयुष्यातली पहिली चैन, आणि तिला डिलिव्हरीच्या दिवशीच भोकं पाडायची?” हे त्याचं म्हणणं. मला पटलं. बंपरचं भोक बुजत नाही. बुजवलं तरी रंग जुळत नाही, आणि विकायला काढली की घेणारा नेमकं तिथेच बोट ठेवतो.

कायदा काय म्हणतो, राव?

मग पाटी लावायचीच नाही, असं करता येईल? अॅरिझोना, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन अशा राज्यांमध्ये करता येतं. तिथे फक्त मागची पाटी लागते. ओहायोने १ जुलै २०२० पासून पुढच्या पाटीला सुट्टी दिली, युटाने १ जानेवारी २०२५ पासून. पण कॅलिफोर्निया या बाबतीत खमकं आहे. तिथल्या व्हेइकल कोडचं कलम ५२०० सांगतं, दोन पाट्या दिल्या असतील तर एक पुढे, एक मागे. पुढचं कलम ५२०१ सांगतं की पाटी घट्ट बसवलेली हवी, हलता-डुलता कामा नये, अक्षरं सरळ आणि वाचता येण्यासारखी हवीत, आणि पुढची पाटी जमिनीपासून ६० इंचांपेक्षा उंच नको. मियाटाच्या बाबतीत ही शेवटची अट म्हणजे गंमतच, कारण अख्खी गाडीच जेमतेम ४९ इंच उंच!

पाटी नसेल तर बहुतेकदा ‘फिक्स-इट’ तिकीट मिळतं. म्हणजे पाटी लावा, अधिकाऱ्याची सही घ्या, कोर्टाचे २५ डॉलर भरा आणि सुटा. स्वस्तात झालं की, असं वाटेल. पण पोलिसाला तुम्हाला थांबवायला आयतं कारण मिळतं, हा खरा मुद्दा. एच-वन-बी व्हिसावर राहणाऱ्या माणसाला आरशात लाल-निळे दिवे बघायची हौस नसते. आणि दुसऱ्या बाजूनेही विचार करा. तुमच्या स्कूटीला कुणी ठोकून पळालं, तर त्याच्या गाडीचा नंबर पुढूनही दिसावा असं तुम्हालाही वाटेलच ना?

या विषयावरचा सगळ्यात भन्नाट किस्सा स्टीव्ह जॉब्जचा. त्याच्या रुपेरी मर्सिडीज एसएल-५५ एएमजीला पाटीच नसायची. तेव्हा कॅलिफोर्नियात नव्या गाडीला पाटी लावायला सहा महिन्यांची सवलत होती. त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याने नंतर सांगितलं की जॉब्ज दर सहा महिन्यांनी हुबेहूब तशीच नवी गाडी भाड्याने घ्यायचा. पाटी नको म्हणून नवी गाडी! १ जानेवारी २०१९ पासून डीलरनेच तात्पुरती कागदी पाटी लावून द्यायचा नियम आला आणि ही पळवाट बुजली. तसंही आपल्यासारख्या ईएमआयवाल्यांना ती परवडणार नव्हतीच.

बंपरमागचं गुपित

आता खरा फंडा. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या बंपरवर एका बाजूला छोटंसं झाकण असतं. चौकोनी नाहीतर गोल, गाडीच्याच रंगाचं. ते हळूच उचकटलं की आत आटे असलेलं एक भोक दिसतं. गाडी बंद पडली तर टो करण्यासाठी जो हूक मिळतो, तो इथे फिरवून बसवायचा. हूक डिकीत जॅकच्या शेजारी पडलेला असतो आणि दहातल्या नऊ जणांनी तो कधी हातात घेतलेला नसतो. कंपनीनेच पाडलेलं, गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं आयतं भोक! पाटी इथे लावायची. नको तेव्हा फिरवून काढायची, झाकण परत लावायचं, आणि गाडी पुन्हा हसायला लागते.

शंभर डॉलरच्या आसपास तयार किट मिळतात. पण ज्याच्या गॅरेजमध्ये ड्रिल मशीन आहे, तो तयार किट कशाला घेईल?

भावाने केलं ते असं. आधी आटे मोजले. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण प्रत्येक कंपनीचा व्यास आणि पिच वेगळं. फोक्सवॅगन-ऑडीसारख्या काही युरोपियन गाड्यांचे आटे तर चक्क उलटे असतात, घट्ट करायचं तर डावीकडे फिरवायचं. अंदाजाने बोल्ट कोंबला आणि आतले आटे गेले, तर रस्त्यात बंद पडल्यावर टो करायचीही सोय गेली. म्हणून हूक घेऊन दुकानात जायचं, व्हर्नियर आणि थ्रेड गेज लावायचं, मगच खरेदी. गाडीचा स्वतःचा हूक कापायचा मोह टाळायचा. तो डिकीतच राहू दे. भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचा जुना हूक आणला, पुढची कडी कापून टाकली, उरलेल्या दांड्याच्या टोकाला भोक पाडून आत आटे पाडले. दांडा तयार.

मग आली या प्रकरणातली खरी ग्यानबाची मेख. दांडा पूर्ण घट्ट होतो तेव्हा पाटी सरळच येईल याची गॅरंटी काय? काहीच नाही! ती तिरकी येऊ शकते, उलटीसुद्धा. उपाय म्हणजे एक जादा नट. दांडा पाहिजे तिथे थांबवायचा आणि मागून हा नट आवळायचा. एक नट दुसऱ्याला दाबून धरतो, दांडा जागचा हलत नाही. दोन-तीन डॉलरचा हा नट नसेल तर बाकी सगळं मुसळ केरात.

दांड्याच्या टोकाला अॅल्युमिनियमची जाड पट्टी आणि तिच्यावर ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा, पाटीच्याच मापाचा, ३०५ बाय १५२ मिलिमीटर. पाटी लावायची भोकं एकमेकांपासून ७ इंच. नुसती पाटी पातळ असते, वाऱ्याला फडफडते, म्हणून मागे हा आधार. पत्र्याचे कोपरे कानशीने गोल करायचे. पार्किंगमधून जाणाऱ्या कुणाच्या नडगीला लागू नये, एवढी माणुसकी हवीच. कडांना रबराची पट्टी, आणि पत्रा व बंपर यांच्यात बोटभर फट. धक्क्यांनी दोघंही हलतात आणि फट नसेल तर पंधरा दिवसांत रंग खरवडून निघतो. म्हणजे ज्यासाठी केला होता अट्टहास, तेच फुकट!

टोचा हूक बाजूला असतो, त्यामुळे पाटीही मधोमध न येता एका बाजूला येते. सुरुवातीला विचित्र वाटतं, मग तेच स्टायलिश वाटायला लागतं. अल्फा रोमिओवाल्यांनी तर एका बाजूची पाटी ही ओळखच करून टाकली, कारण मधोमध त्यांची ती त्रिकोणी ढाल असते. जॅग्वार ई-टाइपच्या लांबलचक नाकावर ब्रिटिश लोक बॉनेटवरच नंबराचा स्टिकर चिकटवायचे. थोडक्यात, हे दुखणं जुनं आहे. डिझायनर तरी काय करणार? जपानची पाटी ३३० बाय १६५, युरोपची ५२० बाय ११०, अमेरिकेची तिसरीच. गाडी एक, चेहरा एक आणि मापं तीन.

बाजूला सरकवताना बघायचं ते एवढंच, की पार्किंगचे सेन्सर, क्रूझ कंट्रोलचा रडार आणि रेडिएटरकडे जाणारी हवा यांच्या वाटेत पाटी येऊ नये. रडार झाकला गेला की गाडी उगाच ब्रेक मारते नाहीतर सिस्टिम बंद पडल्याचा दिवा लावून बसते.

वारा, पार्किंग आणि चोर

एवढीशी पाटी, तिला कसला जोर लागणार? हिशेब केला. ताशी ६५ मैल, म्हणजे साधारण १०५ किलोमीटरच्या वेगाला या पाटीवर वाऱ्याचा दाब सुमारे अडीच किलो येतो. वेग दुप्पट केला तर चौपट! आणि पाटी दांड्याच्या एका बाजूला असेल तर हा दाब दांड्याला सतत पिळत राहतो. म्हणून आट्यांना निळं लॉकटाइट, जे हत्यार लावून सुटतं. लाल नको, ते सुटता सुटत नाही. ५० मैल चालवून आल्यावर सगळे नट पुन्हा एकदा तपासायचे. स्टील आणि अॅल्युमिनियम जिथे भेटतात तिथे नायलॉनचा वॉशर टाकायचा, नाहीतर समुद्राकाठच्या दमट हवेत दोघांचं जाम भांडण होतं आणि पांढरी भुकटी बाहेर पडते.

पार्किंगचा धोका वेगळा. हा दांडा थेट गाडीच्या सांगाड्यात जातो. कुणी रिव्हर्स घेताना पाटीला हलकंसं ठोकलं आणि दांडाच वाकला, तर तो आटे घेऊनच बाहेर येईल. म्हणून पट्टी दांड्यापेक्षा नरम ठेवायची. वाकायचंच असेल तर आधी पट्टीने वाकावं. पाच डॉलरची पट्टी गेली तर दुःख नाही.

आणि चोर! आधीचं डिझाइन दोन विंग नटवर होतं. हातानं फिरवले की पाटी सुटली, अर्ध्या मिनिटाचं काम. भाऊ खूश. पण जे तुम्हाला अर्ध्या मिनिटात जमतं ते चोरालाही जमतं. चोरलेल्या पाटीवर कुणी टोल बुडवतो, कुणी त्याहून वाईट करतो, आणि पोलिसांत तक्रार, डीएमव्हीच्या रांगा हे सगळं तुमच्या नशिबी. म्हणून शेवटी पाटी पत्र्याला खास डोक्याच्या, साध्या पान्याने न सुटणाऱ्या स्क्रूंनी लावली, आणि दांडा काढायला पाना लागेल असं केलं. वेळ अर्ध्या मिनिटाचा पाच मिनिटं झाला. माझ्या मते हाच सौदा बरोबर आहे.

एक गोष्ट मात्र साफ सांगायला हवी. काढता येणारी पाटी वेगळी आणि बटण दाबलं की आत वळणारी पाटी वेगळी. ती दुसरी भानगड पाटी लपवण्यासाठीच असते आणि कॅलिफोर्नियात बेकायदा आहे. रस्त्यावर गाडी असताना पाटी जागेवर हवी, यात सूट नाही. ज्याला दांडे-बिंडे नकोतच, त्याच्यासाठी २०२२ च्या कायद्याने आणखी एक वाट खुली केली आहे, डीएमव्हीने मंजूर केलेला विनाइलचा स्टिकर थेट बंपरवर. पण तो एकदा लावला की लावला. धुताना, फोटो काढताना, ट्रॅकवर, सगळीकडे तो तुमच्यासोबत.

इथे मात्र नको हं!

हे वाचून कोथरूड-ठाण्यातल्या मंडळींचे हात शिवशिवायला लागले असतील, तर थांबा. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची आहे. होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक, आणि मुख्य म्हणजे न उघडणारं स्नॅप लॉक. ते काढायचं म्हणजे तोडायचं. जुन्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात २०२५ भर मुदत कशी वाढत गेली आणि अपॉइंटमेंटसाठी घराघरात काय धावपळ झाली, ते वेगळं सांगायला नको. ४१४१ चं ‘दादा’ करणाऱ्यांचे दिवसही त्याबरोबर सरले. (काहींच्या मनातून नाही, पण ते असो.)

मग तिथे पाटी काढायची तरी कधी? तर ट्रॅकवर. मॉन्टेरेजवळचा लगुना सेका, ११ वळणं, त्यातलं ‘कॉर्कस्क्रू’ तर जिन्यावरून गाडी ढकलल्यासारखं खाली कोसळतं. अशा ट्रॅक डेला आयोजक बरेचदा सांगतात की टोचा हूक लावूनच या. म्हणजे त्याच भोकातून पाटीचा दांडा काढायचा आणि डिकीतला खरा हूक फिरवून बसवायचा. यासाठीच तर तो कापायचा नव्हता! भावाने पाना, नट आणि टॉर्च एका जुन्या कंपासपेटीत घालून ती हुकाशेजारीच ठेवली आहे. झाकणाच्या आत मार्करने मराठीत लिहिलंय, ‘गेटबाहेर पडण्याआधी पाटी’.