नवा महागडा टीव्ही घ्यायचाय? पैसे मोजण्याआधी घरातल्या या गोष्टी तपासा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याच दिवशी घटस्थापना होती, तुळजापूरला नवरात्र सुरू झालं होतं. आणि त्याच आठवड्यात धाराशिव जिल्ह्यातल्या परांडा, भूम भागात नद्यांना पूर आला, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. फोनवर मात्र ‘टीव्ही स्वस्त झाला’ या जाहिराती थांबल्या नाहीत.

साल चांगलं असो की वाईट, दसरा-दिवाळी जवळ आली की घराघरात विषय निघतोच: जुना टीव्ही चालतोय, पण आता मोठा ओएलईडी किंवा मिनी एलईडी घ्यायचा का? घरात फोनचं सगळ्यात जास्त कळतं ते तुम्हालाच, त्यामुळे विचारणारही तुम्हालाच. म्हणून दुकानात जायच्या आधी हा हिशोब नीट समजून घ्या.

स्वस्त म्हणजे नेमकं किती स्वस्त?

समजा टीव्हीची कराशिवायची किंमत ५०,००० रुपये आहे. २८ टक्के जीएसटी धरून तो ६४,००० ला पडायचा, आता १८ टक्क्यांनी ५९,००० ला पडतो. म्हणजे ५,००० वाचले. ३२ इंची किंवा त्याहून लहान टीव्हीवर आधीपासूनच १८ टक्के होते, त्यामुळे तिथे या बदलानं काही फरक पडला नाही.

आता हीच किंमत आपल्याकडच्या मापात मोजू. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावानं एक लाखाचा टीव्ही म्हणजे जवळपास पावणेएकोणीस क्विंटल सोयाबीन. ४०,००० चा साधा ५५ इंची ४के टीव्ही म्हणजे साडेसात क्विंटल. मधल्या सव्वाअकरा क्विंटलमध्ये आपल्याला नक्की काय जास्त मिळतं, खरा प्रश्न हा आहे.

१) टीव्हीत चित्र येतं कुठून?

टीव्ही कितीही भारी असला तरी त्याला जे चित्र मिळतं तेच तो दाखवणार. थोडं गणित बघा:

- एसडी वाहिनी: ७२० × ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार पिक्सेल
- फुल एचडी: १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार
- ४के: ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८२ लाख ९४ हजार

म्हणजे एसडी वाहिनी ४के पडद्यावर लावली, तर दर २० पिक्सेलमागे फक्त एक खरा असतो. उरलेले १९ टीव्ही अंदाजानं भरतो. याला अपस्केलिंग म्हणतात. महाग टीव्हीचा प्रोसेसर हे काम जास्त सफाईनं करतो, पण जे मुळात आलंच नाही ते तोही आणू शकत नाही. डीडी फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या एसडीच आहेत. अशा घरात ५५ इंची टीव्ही लावला की चेहरे मोठे दिसतात आणि तितकेच पुसटही.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे टीव्हीच्या मागे फोनचा टॉर्च मारून बघा. सेटटॉप बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीनं जोडलाय? त्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. बॉक्स एचडी असेल तर एचडीएमआय केबल लावा. बॉक्सच एसडी असेल तर आधी तो बदला आणि एचडी वाहिन्यांचा पॅक घ्या. कितीतरी घरांत ‘टीव्ही खराब झालाय’ या तक्रारीचं मूळ इथंच सापडतं.

ओटीटीवर बघत असाल तर तुमचा प्लॅन तपासा. नेटफ्लिक्सचा १४९ चा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही. १९९ मध्ये ७२०पी, ४९९ मध्ये फुल एचडी आणि ४के फक्त ६४९ च्या प्लॅनमध्ये मिळतं. म्हणजे ४केसाठी महिन्याला १५० जास्त, वर्षाला १,८००.

मग राहिलं इंटरनेट. नेटफ्लिक्सला ४केसाठी १५ एमबीपीएस वेग लागतो आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. फोनच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला २ जीबीच्या पॅकमध्ये, हे जेमतेम १७ मिनिटं चालेल. घरी फायबर किंवा ५जी वायरलेस कनेक्शन असेल तर रात्री ९ च्या सुमारास, सगळं गाव ऑनलाइन असताना, टीव्हीजवळ उभं राहून स्पीड टेस्ट करा. दुपारचा आकडा धरू नका.

२) बसता किती लांब?

निरोगी डोळ्याला बारकावे ओळखण्याची एक मर्यादा असते. त्या हिशोबानं, खालच्या अंतरापेक्षा लांब बसलात तर फुल एचडी आणि ४के यांतला पिक्सेलचा फरक डोळ्याला जवळजवळ कळत नाही:

- ४३ इंची: साधारण साडेपाच फूट
- ५५ इंची: साधारण ७ फूट
- ६५ इंची: साधारण साडेआठ फूट

आपल्याकडे १० × १२ ची बैठक असेल तर भिंतीला टेकून बसणारा माणूस टीव्हीपासून ८-९ फुटांवर असतो. म्हणजे ५५ इंचीवर ४केचा फायदा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, ६५ इंचीवर कुठे तो सुरू होतो. ८के तर सोडूनच द्या. मोजपट्टी घेऊन एकदा खरंच मोजा, दोन मिनिटांचं काम आहे.

३) मग महाग टीव्हीत जास्त असतं तरी काय?

इथं एक गैरसमज दूर करू. आज ४० हजारांच्या आणि लाखाच्या टीव्हीत पिक्सेल सारखेच असतात. फरक असतो तो काळोखाचा आणि उजेडाचा.

साध्या एलईडी टीव्हीत पडद्यामागे दिवे असतात. रात्रीचा सीन आला तरी ते पूर्ण विझत नाहीत, म्हणून काळा रंग राखाडी दिसतो. क्यूएलईडी म्हणजे याच टीव्हीत रंग चांगले करणारा क्वांटम डॉटचा थर. मिनी एलईडीत मागचे दिवे खूप बारीक आणि संख्येनं भरपूर असतात. त्यांचे गट वेगवेगळे मंद-प्रखर करता येतात, म्हणून काळा रंग बराच सुधारतो आणि उजेडही जोरदार पडतो. ओएलईडीत मागे दिवाच नसतो. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. तुमच्या फोनला अमोलेड स्क्रीन असेल तर हे तंत्र रोज तुमच्या हातातच आहे.

हा फरक खरा आहे आणि तो साध्या एचडी सिनेमातही दिसतो, म्हणून महाग टीव्ही म्हणजे नुसतं फसवणं असंही नाही. पण तो दिसायला खोली तशी हवी. दिवसा दार सताड उघडं आणि समोर अंगणातलं ऊन, अशा बैठकीत ओएलईडीचा काळोख उजेडात विरून जातो. तिथे जास्त प्रखर मिनी एलईडी बरा. शिवाय ज्या घरात बातम्यांची वाहिनी सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असते, तिथे वाहिनीचा लोगो आणि खालची पट्टी वर्षानुवर्षं एकाच जागी राहते. ओएलईडीवर त्याचे कायमचे डाग पडण्याची भीती असते.

स्वस्त टीव्हीच्या खोक्यावर ‘एचडीआर’ लिहिलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की टीव्ही तो सिग्नल घेतो. दाखवायला लागणारी प्रखरता त्यात असेलच असं नाही.

४) १२० हर्ट्झ, १४४ हर्ट्झचं काय?

फोनमध्ये १२० हर्ट्झला बोट सरकवताना फरक जाणवतो, कारण तिथे फोन स्वतःच तेवढ्या फ्रेम तयार करतो. टीव्हीवरच्या क्रिकेटचं तसं नाही. आपल्याकडच्या एचडी वाहिन्यांचं प्रसारण सेकंदाला ५० फील्डचं असतं. १४४ हर्ट्झच्या पडद्यावरही चेंडू त्याच ५० मध्येच दिसणार, बाकीच्या फ्रेम टीव्ही मधे घुसवतो.

सिनेमा २४ फ्रेमचा असतो. १२० ला २४ नं पूर्ण भाग जातो, ६० ला जात नाही, त्यामुळे कॅमेरा संथ फिरताना १२० हर्ट्झवर हालचाल थोडी सलग वाटते. खरा उपयोग प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स असणाऱ्यांना. तुमच्याकडे ते नसेल, तर या आकड्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

आठवतंय का, एकेकाळी थ्रीडी टीव्हीचीही अशीच हवा होती. २०१७ पर्यंत एलजी आणि सोनीनंही ते बनवणं थांबवलं. बघायला पुरेसं काही नसेल तर सुविधा पडून राहते.

५) वीज, वाहतूक आणि दुरुस्ती

- वीज: ५५ इंची टीव्ही सरासरी १२० वॅट घेतो असं धरलं, तर रोज ५ तासांचे महिन्याला १८ युनिट होतात. नेमका आकडा स्टार लेबलवर वर्षाच्या युनिटमध्ये दिलेला असतो.
- विजांचा कडकडाट: वळवाच्या पावसात टीव्हीचा प्लग आणि डिशची किंवा इंटरनेटची वायर, दोन्ही काढा. त्या वायरीतूनही झटका आत येतो. घराचं अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या.
- आणताना: सोलापूर किंवा लातूरहून पिकअपमध्ये आणणार असाल तर खोकं उभंच ठेवा. आडवं झोपवलं आणि रस्त्यात खड्डा लागला की पॅनेल गेलंच म्हणून समजा. पडदा फुटला तर तो वॉरंटीत बसत नाही, आणि नवं पॅनेल जवळपास नव्या टीव्हीच्या भावात जातं.
- सर्व्हिस: ‘कंपनीचा माणूस उमरग्याला येईल का, परांड्याला येईल का, आणि किती दिवसांत?’ हे घेण्याआधीच विचारा. जमलं तर ग्राहक सेवेला फोन करून स्वतःचा पिनकोड सांगून खात्री करा.

ईएमआयचं काय?

‘नो कॉस्ट’ ईएमआयमध्ये व्याज नसतं असं नाही. ते किमतीतल्या सवलतीत वळतं केलेलं असतं. वर प्रोसेसिंग फी लागते, क्रेडिट कार्डावर व्याजावरचा जीएसटीही लागतो. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच खरी नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. त्यामुळे दुकानदाराला आधी रोखीचा भाव विचारा, मग हप्त्यांची बेरीज करा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. आणखी एक, हप्ता दर महिन्याला जातो, शेतीचा पैसा मात्र हंगामाला येतो. घरात महिन्याचा पगार नसेल तर १८ महिन्यांचा हप्ता म्हणजे पुढच्या पिकावर आजच उचल घेणं.

मग घ्यायचा की नाही?

आत्ता थांबा, जर बघणं मुख्यतः मालिका, बातम्या आणि यूट्यूब असेल आणि सध्याचा टीव्ही फुल एचडी असेल. आधी एचडी बॉक्स आणि एचडीएमआय केबल. टीव्हीचं सॉफ्टवेअर संथ झालं असेल तर स्ट्रीमिंग स्टिक. आवाज नीट कळत नसेल तर साउंडबार, कारण पातळ टीव्हीत मोठा स्पीकर बसत नाही. हे सगळं मिळूनही नव्या भारी टीव्हीच्या किमतीचा छोटासा हिस्सा होतो.

साधा ४के घ्या, जर घरात अजून ३२ इंची एचडी रेडी टीव्ही असेल आणि पाच-सहा जण मिळून बघत असतील. इथं नुसत्या आकारानंच मोठा फरक पडेल.

महागडा घ्या, जर रात्री अंधार करून सिनेमे बघत असाल किंवा कन्सोलवर खेळत असाल, रात्रीच्या वेळीही इंटरनेट दमदार असेल, ४केचा प्लॅन आधीपासून चालू असेल आणि रोख पैसे बाजूला पडलेले असतील. मग खुशाल घ्या, त्याचं चीज होईल.

दुकानात जाताना तुमच्या घरी रोज लागणारी मालिका किंवा सामना फोनवर शोधून ठेवा आणि तोच लावायला सांगा. दुकानातला चकचकीत डेमो त्या टीव्हीसाठीच बनवलेला असतो. पिक्चर मोड ‘व्हिविड’वरून ‘सिनेमा’वर न्यायला सांगा आणि घरी जितक्या फुटांवर बसता तितकं मागे सरकून बघा. एवढं करूनही लाखाचा टीव्ही ४० हजारांच्या टीव्हीपेक्षा सव्वाअकरा क्विंटलनं चांगला वाटला, तर घरी तसं सांगा. नाही वाटला, तर तेही सांगा.