पिसू व ढेकूण यांचा दंश

पिसू आणि ढेकूण हे माणसाचे रक्त शोषणारे बिनपंखी कीटक आहेत. चावताना त्यांची लाळ त्वचेत शिरते व तिच्या अॅलर्जीमुळे खाजणाऱ्या गांधी उठतात. ही प्रतिक्रिया व्यक्तीनुसार बदलते. एकाच अंथरुणात झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर गांधी उठतात, तर दुसऱ्याच्या अंगावर काहीच दिसत नाही. म्हणून केवळ डागांवरून केलेले निदान फसवे ठरू शकते.

ओळख

पिसवा जमिनीवरून किंवा कुत्र्यामांजरांच्या अंगावरून उडी मारतात. त्यामुळे त्यांचे दंश बहुधा घोट्यांवर व पोटऱ्यांवर, पुंजक्याने आढळतात. लाल पुळीच्या मध्यभागी बारीक ठिपका असतो व खाज लवकर सुटते. ढेकूण रात्री मान, चेहरा, हात अशा उघड्या भागांवर चावतो. त्याचे दंश अनेकदा एका ओळीत असतात. चावा झोपेत जाणवत नाही आणि गांधी उमटण्यास कधी काही दिवस लागतात; साहजिकच प्रवासात चावलेल्या ढेकणाचा दोष घरच्या गादीला दिला जातो. गादीच्या शिवणींत व खाटेच्या फटींत विष्ठेचे काळे ठिपके, टाकलेली कात किंवा जिवंत ढेकूण सापडल्यावरच खात्री होते. बोटांच्या बेचक्यांत खाज असल्यास मात्र खरजेची शक्यता अधिक असते.

उपचार

दंशाची जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी व कॅलामाइन लावावे. खाज तीव्र असल्यास वैद्यकीय सल्ल्याने हिस्टामिनरोधक गोळी किंवा सौम्य स्टेरॉइड मलम वापरतात. नखांनी खाजवल्यास जंतुसंसर्ग होतो. पू, पसरणारी लाली किंवा ताप आढळल्यास डॉक्टरांना दाखवावे. श्वास लागणे किंवा चेहरा सुजणे ही तातडीची लक्षणे होत. रॉकेल किंवा कीटकनाशक त्वचेवर लावू नये. अंथरुणावर रॉकेल ओतणे तर आगीला निमंत्रण ठरते. चादरी व कपडे ६०° सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुतल्यास ढेकूण व त्यांची अंडी मरतात.

रोगप्रसार

ढेकणाच्या चाव्यातून माणसाला रोग होतो असे सिद्ध झालेले नाही. पिसवांचे तसे नाही. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ सुरू झाली; त्यानंतर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत केलेल्या प्रयोगातून उंदरांवरील पिसवा प्लेग पसरवतात हे दाखवले. त्यामुळे घरात उंदीर मरून पडत असताना कोणाला ताप येऊन जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ आली, तर विनाविलंब रुग्णालयात जावे व मेलेल्या उंदरांची माहितीही डॉक्टरांना द्यावी.