मायक्रोसॉफ्टची पत आणि गिऱ्हाइकांचा रोष

एखादी पेढी बुडाली म्हणजे बाजार हळहळतो. परंतु पेढी बुडालेली नाही, उलट तिचा गल्ला वर्षानुवर्षे वाढतो आहे, आणि तरीही गिऱ्हाईक तिच्या नावाने बोटे मोडीत आहे, असा प्रकार व्यापारात क्वचितच पाहावयास मिळतो. अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या बाबतीत सन २००० ते २०१४ या काळात तो घडला. आपल्यापैकी बहुतेकांची रोजकीर्द व खतावणी आता संगणकावर असते, आणि टॅलीसारखा हिशेबाचा कार्यक्रम याच कंपनीच्या विंडोज प्रणालीवर चालतो. तेव्हा हा विषय आपणांस अगदीच परका नाही.

विंडोज ही यंत्र आणि आपले काम यांच्यामध्ये बसलेली मुनीमच होय. बिल गेट्स व पॉल ॲलन यांनी १९७५ साली कंपनी काढली आणि पुढे विंडोज नव्या यंत्रात आधीच भरून विकली जाऊ लागली. गव्हाचे पोते घेतले की बारदान आलेच, तसा हा व्यवहार. भरभराटीच्या काळात जगातील दर शंभर घरगुती व कचेरीतील संगणकांपैकी नव्वदांहून अधिक विंडोजवर चालत. मक्तेदारीबद्दल अमेरिकन सरकारने १९९८ मध्ये खटला भरला. २००० साली कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम झाला, तो २००१ मध्ये अपिलात रद्द झाला, परंतु मक्तेदारीचा ठपका कायम राहिला. याच २००० सालच्या जानेवारीत गेट्स यांच्या जागी स्टीव्ह बाल्मर मुख्याधिकारी झाले.

रोषाचे पहिले मोठे कारण व्हिस्टा. २००१ सालची एक्सपी लोकांच्या अंगवळणी पडली होती. तिच्यानंतरचा माल येण्यास पाच वर्षांहून अधिक लागली, कारण २००४ मध्ये झालेले बरेच काम बाजूस ठेवून नव्याने आरंभ करावा लागला. ३० जानेवारी २००७ रोजी व्हिस्टा सर्वसामान्यांस मिळू लागली, तेव्हा ती अनेक यंत्रांवर रखडत चाले, जुनी छपाई-यंत्रे तिला ओळखत नसत, आणि लहानसहान कामालाही ती परवानगी विचारी. ‘या यंत्रावर व्हिस्टा चालेल’ अशी चिकटपट्टी लावून विकलेल्या कित्येक यंत्रांवर तिची केवळ प्राथमिक आवृत्तीच चालू शके. त्यावरून गिऱ्हाइकांनी दावा लावला. त्या दाव्यात कंपनीचा अंतर्गत पत्रव्यवहार उघड झाला, आणि २१०० डॉलरांचे आपले यंत्र आता केवळ टपाल पाहण्यापुरते उरले, असे कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने लिहिल्याचे जगाने वाचले. २००८ मध्ये दोन लाखांहून अधिक लोकांनी, आम्हांस एक्सपीच विकत राहा, अशा अर्जावर सह्या केल्या. जुना तांदूळ मागणारे गिऱ्हाईक आम्ही जन्मभर पाहिले. जुनी प्रणाली मागणारे हे पहिलेच!

दुसरे कारण भ्रमणध्वनी. २००७ साली ॲपलचा आयफोन येण्याच्या सुमारास, त्याला बाजारात लक्षात घेण्याजोगा वाटा मिळण्याची शक्यताच नाही, असे बाल्मर म्हणाले. मे २०१० मध्ये बाजारमूल्यात ॲपल मायक्रोसॉफ्टच्या पुढे गेली. मग घाई झाली. ऑक्टोबर २०१२ मधील विंडोज ८ मध्ये बोटाने चालणाऱ्या पडद्यासाठी सारी मांडणी बदलली आणि कोपऱ्यातील ‘स्टार्ट’ची परिचित खूण काढून टाकली, ओरड झाल्यावर वर्षाने ती परत आणावी लागली. दुकानाचा दरवाजा एका रात्रीत मागल्या गल्लीत नेण्यासारखेच हे झाले.

आता वही पाहू. बाल्मर यांच्या काळात वार्षिक विक्री सुमारे २३ अब्ज डॉलरांवरून सुमारे ७८ अब्जांवर गेली, नफा दुपटीहून अधिक झाला. मात्र १९९९ च्या अखेरीस जवळजवळ ६० डॉलरांपर्यंत चढलेला शेअरचा भाव पुढे दहा-बारा वर्षे बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास घोटाळत राहिला. आणि २३ ऑगस्ट २०१३ रोजी बाल्मर यांनी निवृत्ती जाहीर करताच तो सुमारे सात टक्के उसळला. याचा उलगडा आम्हांस असा वाटतो. आमची डाळ किडकी निघाली तर गिऱ्हाईक काही न बोलता शेजारच्या वखारीत जाते. विंडोजच्या गिऱ्हाइकाला शेजारची वखार नव्हती: त्याची कागदपत्रे, त्याचे हिशेब, त्याच्या कारकुनांची सवय, सारे तिथेच गुंतलेले. जाता येत नाही म्हणून ते पैसे देत राहिले, आणि जाता येत नाही म्हणूनच चिडत राहिले. गल्ल्यात पडलेला पैसा खुशीचा की नाइलाजाचा, हे वहीत लिहिलेले नसते. बाल्मर यांच्यावर सारेच खापर फोडणे मात्र अन्यायाचे होईल. दूरस्थ संगणकांवर जागा भाड्याने देण्याचा जो ॲझ्युर नामक धंदा पुढे कंपनीला तारक ठरला, तो त्यांच्याच काळात, २०१० साली सुरू झाला.

फेब्रुवारी २०१४ मध्ये हैदराबादेत जन्मलेले सत्या नडेला मुख्याधिकारी झाले. पुढील महिन्यातच कंपनीचे ऑफिस हे कार्यक्रम ॲपलच्या आयपॅडवर मिळू लागले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या दुकानात आपला माल. बाल्मर यांनी ठरवलेल्या नोकियाच्या खरेदीपोटी २०१५ मध्ये ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले गेले व सुमारे ७८०० माणसांची नोकरी गेली. २०१९ मध्ये कंपनीचे बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरांवर गेले.

तक्रारी मात्र संपल्या नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची विनामूल्य देखभाल थांबली, आणि सुरक्षेची ठराविक चकती किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसलेली कित्येक चालती यंत्रे विंडोज ११ साठी अपात्र ठरली. सभासदांनी आपल्या पेढीवरील यंत्र कोणत्या वर्गात मोडते हे जाणकाराकडून पाहून घ्यावे, आणि तोवर खतावणीची एक प्रत यंत्राबाहेर ठेवावी.