संकेतस्थळांची पारख

बैल घेताना त्याचे दात पाहणारा व भात घेताना दाणा दाताखाली चावून पाहणारा आपला शेतकरी अक्षरापुढे मात्र चटकन मान तुकवितो. पूर्वी हे अक्षर छापील असे. आता ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर असते, एवढाच फरक. म्हणून पुढील विषय महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा असला, तरी तो आपल्या बांधावरचाच आहे, असे समजून वाचकांनी तो वाचावा, अशी विनंती आहे.

आमच्या किनाऱ्यावरील एका महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी विद्यार्थ्यांकरिता निवडक संकेतस्थळांची सूची करावयाचे योजिले व तिच्या शेतीविषयक भागाकरिता प्रस्तुत लेखकास बोलाविले. तेथे शिकणारी बहुतेक मुले खारेपाटातील शेतकऱ्यांची व नारळी-पोफळीच्या वाडीवाल्यांची. मी महसूल खात्यातील निवृत्त कारकून. विद्वत्तेचा दावा नाही. परंतु कागद कोणता खरा व कोणता फसवा, हे पाहण्यातच माझी हयात गेली. तीच दृष्टी येथे उपयोगी पडली.

हे काम मला महत्त्वाचे का वाटले, ते सांगतो. माझ्या एका शेजाऱ्याची खाजणातली जमीन उधाणाच्या पाण्याने खारावली. त्याच्या मुलाने पडद्यावर एक लेख वाचला की, क्षारपड जमिनीस जिप्सम घालावे. लेखावर नाव नव्हते, तारीख नव्हती, तो कोणत्या मुलखाकरिता आहे याचाही उल्लेख नव्हता. शेजाऱ्याने उसनवार करून जिप्सम आणले व शेतात पसरले. वस्तुतः जिप्समचा उपाय मुख्यत्वे चोपण जमिनीचा, जेथे मातीला सोडियम चिकटून बसलेला असतो. आपल्या खाजणातील खार समुद्राच्या पाण्याची. तिला बांध पक्का करून, उघाडी दुरुस्त ठेवून, पावसाच्या गोड पाण्याने धुऊन काढणे हाच पहिला उपाय. माती तपासली असती तर हे आधीच कळले असते. पैसा जिप्सममध्ये गेला, बांधाची खांड तशीच राहिली व पुढच्या उधाणास पाणी पुन्हा आत आले. एक हंगाम बुडाला, तो एका बेवारशी लेखापायी.

असो. आम्ही ज्या कसोट्या लावल्या त्या अशा.

पहिली कसोटी सहीची. फेरफारावर सक्षम अधिकाऱ्याची सही नसेल तर ती नोंद प्रमाणित होत नाही. तद्वत् लेख कोणी लिहिला, त्याचा अधिकार काय व संस्था कोणती, हे पाहावे. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असल्यास स्थळ सरकारी होय. परंतु उत्तम संस्थांचे पत्ते निरनिराळ्या प्रकारे संपतात, म्हणून केवळ शेपटावरून जनावराची पारख करू नये. जेथे सल्ला देणाराच औषध विकतो, तेथे दुप्पट सावध असावे.

दुसरी कसोटी तारखेची. एखाद्या कागदावर ‘कुलाबा जिल्हा’ असे दिसले की, तो 1 जानेवारी 1981 पूर्वीच्या रिवाजाचा, हे आम्ही कारकून लगेच ओळखतो. कारण त्या दिवसापासून जिल्ह्याचे नाव रायगड झाले. जुने ते टाकाऊ असे मात्र नव्हे. 1883 चे कुलाबा व जंजिरा गॅझेटिअर आता पडद्यावर वाचावयास मिळते आणि खारभूमीचा इतिहास शोधणाऱ्यास ते मोलाचे आहे. तथापि आजचे भाव, आजची औषधे व आजच्या योजना यांस ताजी तारीखच हवी.

तिसरी कसोटी गावाची. सल्ला कोणत्या माती-हवेचा आहे? आपल्या सुदैवाने शोधकार्य दाराशी आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खार सोसणारी पनवेल 1, 2 व 3 ही भाते दिली. कर्जत येथे भाताचे, तर श्रीवर्धन येथे सुपारीचे संशोधन चालते. म्हणून दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या स्थळास सूचीत पहिला मान दिला. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आपल्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीस फळ धरण्यास पाच-सात वर्षे लागतात. रोपाविषयीचा चुकीचा सल्ला आज घेतला तर त्याची चूक कळावयास तितकीच वर्षे जातील.

चौथी कसोटी मूळ दप्तराशी मेळ घालण्याची. नकलेची नक्कल आम्ही कचेरीत कधी ग्राह्य धरीत नसू. वादळाची वार्ता भारतीय हवामान खात्याकडे, लाटा व भरती-ओहोटी हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्राकडे, एखादे औषध अमुक पिकास मंजूर आहे की नाही, हे केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या यादीत पाहावे. सातबारा तर शासनाच्या स्थळावरच पाहावा. तेथे फुकट दिसणारा उतारा माहितीपुरता असतो. कायदेशीर कामास डिजिटल स्वाक्षरीचा घ्यावा. सरकारी नावाशी मिळतेजुळते नाव धारण करून पैसे मागणाऱ्या स्थळांपासून दूर राहावे.

याखेरीज विद्यार्थ्यांकरिता कृषी प्रबंधांचे ‘कृषिकोश’, निरनिराळ्या विद्यापीठांच्या प्रबंधांचे ‘शोधगंगा’, खरगपूरच्या संस्थेने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय व मराठी विश्वकोश ही स्थळे घेतली. प्रत्येकापुढे दोन ओळी लिहिल्या : भाषा कोणती, शुल्क आहे किंवा कसे, कोणत्या कामास उपयोगी. यांतील पुष्कळ मजकूर इंग्रजीत आहे, ही अडचण खरी. म्हणून मराठी स्थळांस निराळी खूण केली.

ग्रंथपालांचा प्रथम विचार दोनशे स्थळे देण्याचा होता. मी म्हटले, “साहेब, पेरणीस बी मूठभर पुरते, पण ते पाखडलेले असावे.” त्यांनी डॉ. रंगनाथन यांच्या 1931 च्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांची आठवण काढून सांगितले की, वाचकाचा वेळ वाचविणे हेही त्यांपैकी एक आहे. अखेर चाळीस स्थळे राहिली. शिवाय दर सहा महिन्यांनी प्रत्येक पत्ता उघडून पाहावा, बंद पडलेला काढावा, असा नियम केला. बांध एकदा घातला म्हणजे झाले, असे खारेपाटात कोणी म्हणत नाही, सूचीचेही तसेच.

आपल्या घरी महाविद्यालयात जाणारा मुलगा वा मुलगी असेल, तर ही सूची त्यांच्याकडून मागून घ्यावी. आणि नवीन सल्ला पडद्यावर दिसला की चारच प्रश्न विचारावेत : कोणी सांगितले, केव्हा, कोणत्या जमिनीकरिता, व मूळ कोठे आहे? उत्तर न मिळाल्यास पिशवीचे तोंड सोडू नये.